दोरीवरचा मासा

"उपास बाप्यांनी धरायचा आणि भुका बायकांनी सांभाळायच्या. त्यात चंद्रपण बाप्याच. वेळेवर येईल तर शपथ."

वेणूबाईंनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, हातातल्या मोदकाच्या पारीला सांगितलं होतं. पण स्वप्नाली खांद्याला खांदा लावून सारण भरत बसली होती. तिला ऐकू आलं आणि बरं वाटलं. सासू कुरकुरतेय म्हणजे घर जागेवर आहे, हे ती लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकली होती. आज सकाळपासून वेणूबाई गप्प होत्या. अंबरनाथपासून वांगणीपर्यंत कुणाच्याही हळदीला तांदळाच्या भाकऱ्या थापायला बायकांचा ताफा घेऊन जाणारी आणि तो ताफा नुसत्या तोंडानं हाकणारी बाई, तीही स्वतःच्या माहेरात, गप्प. हे काही बरं लक्षण नव्हतं.

कारण सगळ्यांना माहीत होतं. सकाळी देवापुढची रांगोळी पूर्ण व्हायच्या आत वेणूबाईंच्या धाकट्या भावानं, दिनानाथनी, सांगून टाकलं होतं, "ताई, ऋतिकाचं आज ठरवून टाकू. सगळे आहेतच."

ऋतिका म्हणजे स्वप्नालीची मुलगी, पाचवीतली. अंबरनाथच्या तिच्या शाळेत गणपतीच्या सुट्टीआधी कुणीतरी बाई येऊन मागे पडणाऱ्या मुलांची बुद्धिमत्ता चाचणी घेऊन गेल्या. ऋतिकाचा बुद्ध्यांक शहात्तर आला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, वाईट वाटून घेऊ नका, पण दिवाळीनंतर हिला विशेष मुलांच्या शाळेत घाला, तिच्याच भल्याचं आहे. सोमवारी येऊन संमतीची सही करा. स्वप्नालीचा नवरा संतोष सही करायला निघालाच होता, कारण मामा म्हणाले होते, कर. संतोषच्या आयुष्यात मामा 'कर' म्हणाले आणि त्यानं केलं नाही, असं अजून घडलेलं नव्हतं.

"आई," स्वप्नाली हळूच म्हणाली, "तुम्ही तरी मामांशी बोला ना."

वेणूबाईंनी मोदकाचं नाक चिमटीत ओढलं. "मी? मी काय बोलू गो? चौथी नापास बाई मी. तो हेडमास्तर."

"नापास कुठे? तुम्हाला काढलं होतं ना शाळेतून?"

"तेच ते." वेणूबाई उठल्या आणि ऊत न आलेलं दूध बघायला गेल्या.

चामटोलीच्या गायकरांकडे, म्हणजे वेणूबाईंच्या माहेरी, साखरचौथीचा गणपती. गावातले सगळे गणपती पाण्यात गेले, लोकांच्या घरातल्या मखरांचे पुठ्ठे रद्दीत गेले, की मग पितृपक्षात यांच्याकडे दीड दिवसाचा बाप्पा येतो. उल्हासनगरात नवे राहायला आलेले लोक विचारतात, "पितरांत गणपती?" मग त्यांना समजावत बसावं लागतं. आणि या घराचा स्वतःचा आणखी एक रिवाज होता, जो आगरी वस्तीत दुसऱ्या कुठल्याच घरात नव्हता. चंद्र दिसला, आरती झाली की आण्णा, म्हणजे वेणूबाई आणि दिनानाथचे वडील, पोरांना समोर बसवून एक प्रश्न घालायचे. उत्तर देईल त्याला देवापुढचा मानाचा नारळ. कुणालाच नाही आलं, तर नारळ बाप्पाबरोबर उल्हास नदीत. आणि ज्याला नारळ मिळाला, तो शिकणार. ही म्हण नव्हती, तो घरचा कायदा होता. आण्णांनी दिनानाथला नारळ दिला तेव्हा तो शिकायला उल्हासनगरला गेला, बी. एड. झाला, हेडमास्तर झाला, जोडीला बी. एड.च्या कॉलेजात तासही घेतले, मग निवृत्त झाला. तो गेला त्याच जूनपासून वेणू घरी राहिली. एका नारळात दोन वाट्या निघतात, तेवढं सोपं झालं सगळं.

ती नारळाची गोष्ट दिनानाथ प्रत्येक बक्षीस समारंभात सांगायचे. घरातही सांगायचे. आणि ते सांगायला लागले की वेणूबाईंना दूध आठवायचं आणि इंदुबाईंना, त्यांच्या म्हाताऱ्या आईला, खोकला यायचा. हे इतकी वर्षं चाललं होतं की कुणाच्या लक्षातही येईनासं झालं होतं.

*

चंद्र बघायला सगळे गच्चीवर गेले. आण्णा तेवढे खाली देवापाशी बसून राहिले, त्यांच्या गुडघ्यांनी जिन्याशी केव्हाच फारकत घेतली होती. इंदुबाईंना संतोषनं हाताला धरून वर आणलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं.

आभाळ गच्च होतं. पूर्वेला डोंगर असतो तिथे नुसता काळोख, आणि बदलापूरच्या बाजूला टॉवर दिवे लावून उभे. दिनानाथनी घड्याळ पाहिलं. पोटात काही नव्हतं. अशा वेळी गंभीर विषय काढू नये, असं त्यांनीच शिक्षकांच्या बैठकांत वारंवार सांगितलं होतं. पण जेवणं झाल्यावर कुणी ऐकत नाही, हाही त्यांचाच अनुभव.

"संतोष, स्वप्नाली, इकडे या. राग मानू नका." त्यांनी आवाज मऊ केला. ती पोरगी त्यांना मनापासून आवडायची. त्यांच्या चपला ती न सांगता सुलट्या करून ठेवायची. "मी जन्मभर वर्ग पाहिलेत. ही अशी गोड, शांत मुलं असतात ना, त्यांना आईबाप आशेनं ओढत नेतात. सहावी, सातवी, आठवी. दरवर्षी ती थोडी थोडी मागे पडतात. नववीत एक दिवस बाकावर डोकं टेकतात आणि मग वर बघतच नाहीत. मी ते डोळे पाहिलेत. आकडा क्रूर नसतो गं. आशा क्रूर असते."

स्वप्नाली विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढली होती, अंबरनाथच्या कंपनीत पॅकिंगला जात होती. मामांची वाक्यं छापल्यासारखी यायची, तिची भांड्यासारखी आदळायची. "ती शिकते, मामा. सावकाश शिकते. सावकाश आहे ती, मी नाही कुठं म्हणते? पण शिकते. तिच्या मैत्रिणी आहेत तिथं. मागच्या वर्षी भागाकार आला तिला. दोन महिने लागले, पण आला."

"आणि वर्ग तोवर अपूर्णांकांवर गेला. बुद्धी ही उंचीसारखी असते. कुणाला पाच फूट, कुणाला सहा. लटकून कुणी उंच होत नाही."

"पप्पा, सॉरी हां, पण तुमचं हे जुनं मॉडेल झालं." हा सुजित, दिनानाथचा मुलगा. त्याचे उल्हासनगरात क्लासेस होते, आणि वर्षभरापासून पार्टनर हरेशबरोबर त्यानं बोटांच्या ठशांवरून मेंदू ओळखायचं मशीन आणलं होतं. "आता बुद्धी एक नसते. आठ असतात. भाषेची, गणिताची, म्युझिकची, बॉडीची, अशा."

"आठ?" इंदुबाई खुर्चीतून म्हणाल्या. "एक तर सांभालता येत नाय तुला. आठ कुठं ठेवशील?"

सगळे हसले. सुजितही हसला, धंद्यात हसायची सवय होती. "आजी, सायंटिफिक आहे. ऋतिकाचे फिंगरप्रिंट घेतले ना मी? तिची बॉडीवाली टॉपला. मंजे डान्स, कबड्डी, ये सब. फालतूमध्ये गणितात तिचं डोकं कशाला खायचं?"

"आणि माझे घेतलेस, त्याचं काय आलं?" वेणूबाईंनी विचारलं.

सुजितनं मान खाजवली. "आत्या, तुझ्या बोटांना रेषाच नाहीत. तव्यावर घासून गेल्यात. मशीन एरर दाखवतं. आण्णांचंपण तसंच."

"मंजे आम्हां दोघांना बुद्धी नाय."

"तसं नाही गं. मशीनला दिसत नाही."

"मग तसं बोल की. मशीन आंधलं हाय."

दिनानाथना मुलाच्या मशीनची लाज वाटायची. ते विज्ञान नव्हे, जत्रेतला पोपट आहे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. पण आज पोपटानं चिठ्ठी त्यांच्याच बाजूची काढली होती, म्हणून ते गप्प राहिले. ही चूक स्वप्नालीनं पकडली.

"थांबा. सुजितभावजी, मला नीट सांगा. म्हणजे तुम्हीही म्हणता, शाळेतून काढा?"

"काढा नाही वहिनी. शिफ्ट करा. स्पोर्ट्सवाली शाळा बघू, हरेशच्या ओळखीची आहे."

"म्हणजे काढाच." तिचा आवाज चढला. "मामा म्हणतात बुद्धी कमी आहे म्हणून काढा. तुम्ही म्हणता आठ-आठ आहेत म्हणून काढा. मग माझ्या पोरीनं वर्गात बसायचं तरी कुठल्या हिशेबानं, ते सांगा की मला! कमी असली तरी बाहेर, जास्त असली तरी बाहेर?"

खालच्या रस्त्यावरून एक डंपर गेला आणि त्याच्या आवाजानं दोघांचीही उत्तरं वाचवली.

*

सुजितची बायको नूतन मघापासून कठड्याला टेकून उभी होती. ती विठ्ठलवाडीच्या एका शाळेत शिकवायची आणि या घरात शाळेबद्दल बोलायची नाही. घरात एक हेडमास्तर आणि एक क्लासवाला असला, की साध्या मास्तरणीनं पोळ्या लाटाव्यात, असं तिनं स्वतःशी ठरवून टाकलं होतं. शिवाय नवऱ्याच्या मशीनविषयी तिला जे वाटायचं, ते ती एकदाच बोलली होती. त्यानंतर आठवडाभर घरात फक्त टीव्ही बोलत होता.

आता तिचं लक्ष भांडणाकडे नव्हतं, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला होतं. तिथे ऋतिका एकटीच दोरीवरचे चिमटे इकडून तिकडे सरकवत होती. गच्चीवर दोन दोऱ्या होत्या. एक जिन्याजवळ, कपड्यांची. दुसरी पार मागे, पाण्याच्या टाकीपलीकडे, जाड सुंभाची. उन्हाळ्यात इंदुबाई तिच्यावर पावसाळ्याच्या बेगमीचे बोंबील आणि वाकट्या वाळत घालायच्या. त्यांचं माहेर मिठागराकडचं, सुकवलेले मासे विकत आणणं त्यांना कमीपणाचं वाटायचं.

"ऋतू," नूतननं हाक मारली, "त्या टेस्टवाल्या बाईंनी काय काय विचारलं गं तुला?"

"चित्रं दाखवली."

"कसली?"

"एका चित्रात दोरी होती. त्याच्यावर शर्ट, मोजे, फ्रॉक आणि एक मासा. बाई म्हणाल्या, यात चूक काय आहे?"

"मग तू काय सांगितलंस?"

"शर्ट," ऋतिका म्हणाली. "मग मोजे. मग फ्रॉक."

सुजितला हसू फुटलं. दिनानाथनी डोळे मिटले, दुःखानंच मिटले. संतोषनं मान खाली घातली. एका क्षणात त्याच्या मनात सही होऊन गेली, हे स्वप्नालीला दिसलं.

नूतन मात्र पुढे आली. "का गं?"

ऋतिकानं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसांना हे कसं माहीत नाही, असं. "मासा होता ना दोरीवर. मंजे ती माशांची दोरी. तिथं कपडे घातले तर वास लागतो. मोठी आजी ओरडते."

इंदुबाईंनी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"बरोबर हाय! माशाच्या दोरीवर कापडा कोन घालतो? कोनाच्या घरची रीत ही? ती बाई कुठली व्हती गो?"

आणि गच्ची हसली. वेणूबाई पदर तोंडाशी धरून, संतोष भिंतीला धरून. गेल्या तीन आठवड्यांत तो पहिल्यांदाच हसत होता. स्वप्नालीला हसताहसता रडू येत होतं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून ती पोरीच्या वेणीची रिबीन घट्ट करत बसली.

"मग हे तू बाईंना का नाही सांगितलंस?" नूतननं विचारलं.

"त्यांनी 'का' विचारलंच नाही. फुली मारली."

"आणि पुढचं चित्र?"

"ते बघायचं राहिलं. मी विचार करत होते, की बाईंच्या घरी एकच दोरी असणार. मग त्या मासे कुठं घालत असतील? तेवढ्यात त्यांनी पान उलटलं."

दिनानाथ सावरले. ते लबाड नव्हते, म्हणून त्यांनी जे म्हटलं ते खरंच होतं. "गोड आहे. पण एका माशानं आकडा हलत नाही, नूतन. तू शिकलेली आहेस, तुला कळतं."

"नाही हलत, पप्पा." नूतन सासऱ्यांकडे बघूनच बोलत होती. "नीट घेतली, मराठीतून घेतली, वेळ देऊन घेतली, तरी थोडाच वाढेल कदाचित. मी खोटी आशा नाही दाखवत. पण आकडा म्हणजे त्या दिवशीचा ताप आहे. ताप खरा असतो. त्यावरून औषध द्यायचं असतं, पेशंटला घराबाहेर नसतं काढायचं. ज्या माणसानं पॅरिसमध्ये पहिल्यांदा अशी चाचणी काढली, त्यानं ती कुणाला जास्त शिकवावं लागेल हे कळायला काढली. कुणाला शिकवायचंच नाही, हे ठरवायला नाही. हे तुम्हीच शिकवलंय ना बी. एड.च्या पोरींना? मी होते त्या वर्गात."

दिनानाथना तो वर्ग आठवला. तिसऱ्या बाकावर बसायची ही. प्रश्न विचारायची नाही, पण वही सगळ्यात भरलेली असायची. हिच्या डोक्यात एवढं चाललेलं असेल, असं त्यांना तेव्हाही वाटलं नव्हतं. त्यांना एकदम चष्मा पुसावासा वाटला.

"आणि सुजित," नूतन वळली, "आठ बुद्ध्या म्हणणाऱ्यानं पोराला आठ दारं उघडायला सांगितलीत. तू सात बंद करतोयस."

"अगं ए, तू कोणाच्या पार्टीत आहेस?" सुजित कळवळला.

"माशाच्या."

पुन्हा हशा. सुजितनं दोन्ही हात वर केले. "जाऊ दे भाई. हरेशला सांगतो मशीन विक. घरातच गिऱ्हाईक टिकत नाही."

संतोष दोरीपाशी गेला आणि पोरीच्या शेजारी उभा राहिला. "मामा," तो म्हणाला, आणि थांबला, आणि पुन्हा म्हणाला, "मामा, सोमवारी मी शाळेत जाणार. पण सही नाही करणार. नूतनवहिनी येत असतील तर त्यांना घेऊन जातो. परत टेस्ट घ्या म्हणतो, 'का' विचारणारी बाई आणा म्हणतो. काय जास्तीचं शिकवायचं ते सांगा, आम्ही करू. पण पोरगी तिच्या बाकावरून उठणार नाही."

स्वप्नालीनं नवऱ्याकडे पाहिलं. या माणसाशी आपलं लग्न झालंय हे तिला आधीपासून माहीत होतं, पण आवडलं आज.

"मी येतेच," नूतन म्हणाली. "रजा टाकते."

दिनानाथ काही बोलणार, इतक्यात ऋतिका म्हणाली, "चंद्र आलाय."

सगळे वळले. डोंगराच्या खांद्यावर ढग फाटला होता आणि त्यातून तो अर्ध्याहून जास्त वर आलेला, पिवळाधमक, खुशाल.

"अगं, कधी आला?"

"कधीचाच. तुम्ही भांडत होतात."

*

खाली आरती झाली. सुजितच्या घंटेला ताल नव्हता आणि संतोषच्या आवाजाला सूर नव्हता, पण जोर असा होता की शेजारच्या आनंदा भोईरांनी खिडकीतून डोकावून विचारलं, "काय रं, जिंकलाव का काय?" चंद्राला अर्घ्य दिलं. मोदकांचं ताट देवापुढे आलं. पोटातले कावळे आता उघड ओरडत होते, पण नारळ झाल्याशिवाय पान मांडायचं नाही, हा नियम आण्णांचा.

आण्णा पाटावर बसले होते. मांडीवर मानाचा नारळ. त्यांना हल्ली सकाळचं दुपारी आठवत नसे, पण नारळ आठवायचा. समोर बसायला पोर म्हणून आता ऋतिका एकटीच. सुजितचा मुलगा हॉस्टेलला, बाकीच्यांची पोरं मोठी झालेली. ती मांडी घालून बसली, फ्रॉक गुडघ्यांवर नीट ओढून.

"आयक," आण्णा म्हणाले. "कलस हाय. पानी काठोकाठ. त्याला नारल द्यायचा. थेंब सांडला नाय पायजे. क करशील?"

घरातल्या मोठ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तोच प्रश्न. दिनानाथच्या वर्षीचा. आण्णांनी जन्मात प्रश्न कधी पुन्हा घातला नव्हता. आज त्यांच्याकडे दुसरा उरला नव्हता.

दिनानाथ हसले. पोरीला मार्ग सोपा झाला म्हणून त्यांना खरोखर आनंद झाला. "सांग, सांग! तुला माहितेय. माझी गोष्ट ऐकलीयस ना?"

गोष्ट सगळ्यांनीच ऐकली होती. आधी घोटभर पाणी पिऊन घ्यायचं, मग नारळ ठेवायचा. वर्षानुवर्षं टाळ्या घेतलेलं उत्तर. स्वप्नाली मागून ओठांनी सांगत होती, पाणी, पाणी. संतोष हातानं तांब्या तोंडाला लावून दाखवत होता. सुजित तर उघडच म्हणाला, "बोल ना ऋतू, फुकटचा नारळ आहे!"

"ते नको," ऋतिका म्हणाली.

"का?"

हा 'का' दिनानाथनी विचारला होता. त्यांचा त्यांनाच ऐकू आला.

"ते उत्तर तुमचं आहे. दुसऱ्याचं उत्तर सांगितलं तर कॉपी होते. आमच्या वर्गात कॉपी केली तर मार्क कापतात."

वेणूबाई उठल्या. दूध बघायला. स्वयंपाकघराच्या दारात त्यांना आठवलं की दूध केव्हाच उतरवून ठेवलंय. तशाच त्या दारात उभ्या राहिल्या, पाठमोऱ्या. इंदुबाईंचा हात छातीशी गेला होता, पण खोकला आला नाही.

ऋतिका मात्र उत्तर शोधत होती. तिचा वेळ तिचाच होता. देवाकडे बघितलं, आण्णांच्या मांडीकडे बघितलं, देवाच्या उजव्या हाताला तांदळावर ठेवलेल्या कलशाकडे बघितलं. सुजित घड्याळ बघायला लागला, तर नूतननं त्याच्या मनगटावर हात ठेवला. पोरीची मान एकदा इकडे, एकदा तिकडे. कुणी पान उलटलं नाही.

मग ती उठली आणि कलशापाशी जाऊन उभी राहिली.

"आधी आंब्याची पानं लावायची, गोल," ती म्हणाली. "मग त्यांच्यावर बसवायचा. पाण्यात जातच नाही तो. हा बघा ना, सकाळपासून बसलाय. तांदूळ पण कोरडे आहेत."

आण्णांनी वाकून कलशाकडे पाहिलं. भरलेला कलश, पाच पानं, वर नारळ, खाली कोरडे तांदूळ. दर साखरचौथीला तो तिथे असायचा. त्यांच्या वडिलांच्या वेळीही तिथेच असायचा. म्हातारा आधी खांद्यांनी हसला, मग पोटानं, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"आयला! डोल्यापुढं हाय की गो! मना जल्मात नाय दिसला!" आणि त्यांनी नारळ दोन्ही हातांनी उचलून तिच्या ओंजळीत दिला. "घे. शिक तू. पायजे तेवढी शिक."

संतोषनं पोरीला नारळासकट उचललं. सुजितनं शिट्टी मारली, देवापुढे शिट्टी काय मारतोस म्हणून नूतननं त्याला चापटी मारली, आणि स्वप्नाली सासूकडे धावली. वेणूबाईंनी तिला पदरात घेतलं, पण त्यांचं लक्ष तिच्या डोक्यावरून मागे होतं, त्या नारळाकडे.

दिनानाथही भरून आले होते. हरण्यातसुद्धा त्यांचा एक रुबाब होता. "बरं बाबा, मी चुकलो. सोमवारी मीसुद्धा येतो शाळेत. माझं नाव आहे अजून त्या भागात, मी बोलतो त्यांच्याशी." त्यांनी ऋतिकाच्या केसांवरून हात फिरवला आणि सवयीनं आवाज समारंभाचा झाला. "शेवटी घराण्याची बुद्धी आहे, कुठे जाईल? असाच मी त्या वर्षी बसलो होतो. हाच प्रश्न. सगळे गप्प. आणि मी म्हणालो, आण्णा, आधी मी घोटभर पाणी..."

"दिना."

इंदुबाई भिंतीला धरून उभ्या राहिल्या होत्या. नवऱ्यापुढे त्या कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. आताही मोठ्यानं बोलल्या नाहीत. आण्णांकडे एकदा पाहिलं. आण्णांनी नजर खाली घातली, म्हणजे काही गोष्टी त्यांना अजून आठवत होत्या.

"पोरगी आत्ताच क बोलली, आयकलास ना? दुसऱ्याचा उत्तर." त्या दारातल्या लेकीकडे वळल्या. "तुझ्या आदी वेनू बोलली व्हती. हलूच बोलली. तू आयकलास नि मोठ्यानं सांगितलास. मी आयकला, ह्यांनी आयकला, सगल्या घरानं आयकला."

वेणूबाईंचा हात चौकटीवर घट्ट झाला.

"तो नारल वेनूचा व्हता."